दोन कुंड्यांमधली जागा

भाईंदर पश्चिमेला, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, एक बावीस मजली इमारत आहे. तिच्या फाटकाबाहेर फुटपाथवर सिमेंटच्या बारा कुंड्या मांडल्या आहेत आणि मागच्या भिंतीवर काळ्या दगडात कोरलंय, ‘विश्वशांती उद्यान’. उद्यान म्हणजे एवढंच, बारा कुंड्या. त्या ठेवल्या गेल्या त्या सकाळी पाच मासळीवाल्या बायकांची रोजची जागा गेली. त्यातली एक माझी मावशी. नात्याची नाही, पण नात्यातल्या कुणापेक्षा जवळची. ती जागा परत मिळवायला मी गेले, आणि पहिल्या खेपेला मीच ती घालवून आले. ते कसं झालं ते लिहून ठेवते आहे.

माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. स्वतःचं, भाड्याचं नाही. वडील मराठवाड्यातून इथे आले ते भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला. कुठे पोचा आलेली, कुठे ओरखडा उठलेली भांडी मालक स्वस्तात काढून टाकायचे. आई ती विकत घ्यायची आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात दारोदार द्यायची. तिच्यामागून मी तेच केलं. आमच्या लोकांत हा धंदा कुणी केला नव्हता, त्यामुळे शिकवायलाही कुणी नव्हतं. साडी उजेडाला धरून विरलेली जागा शोधायची, पँट उलटी करून गुडघे बघायचे, आणि समोरची बाई पातेलं मागत असली तरी तिचा डोळा डब्यावर आहे हे तिच्या आधी आपण ओळखायचं. हे सगळं मी जिने चढून शिकले. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. गिऱ्हाईक हे जाणून येतं.

आज तो टॉवर आहे तिथे पूर्वी चार मजल्यांची सोसायटी होती. तिथे तिसऱ्या मजल्यावर पंचवीस वर्षांपूर्वी एकदा मी दोन साड्यांवर एक पातेलं दिलं. दुसऱ्या दिवशी त्या मजल्यावरच्या कुणाचा तरी तांब्या हरवला. सेक्रेटरींनी मला फाटकात अडवलं आणि पाटी खाली उतरवायला लावली. डोक्यावरचं सगळं स्टील कंपाउंडच्या लादीवर ओतलं गेलं. आवाजाने चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. एकेक भांडं उचलून बघितलं गेलं. तांब्या नव्हता. मग सेक्रेटरी म्हणाले, “ठीक आहे, जा.” एवढंच. वाट्या पार फाटकाबाहेर घरंगळल्या होत्या. त्या गोळा करून देणारी बाई म्हणजे फाटकाशी बसणारी ही मावशी, इथल्याच किनाऱ्यावरच्या पालीहून येणारी. तिनेच दोन महिन्यांनी सांगितलं की तांब्या ज्यांचा हरवला होता त्यांच्याच माळ्यावर सापडला. तोवर फाटकावर फळा लागला होता, बोहारणींना प्रवेश बंद. तो फळा माझ्यामुळे लागला आणि मी काहीच केलेलं नव्हतं. त्यानंतर त्या सोसायटीत मी पाऊल टाकलं नाही.

सोसायटी पाडली, टॉवर झाला, सेक्रेटरी तेच राहिले. आता सत्तरीच्या पुढे आहेत. मुंबईतून इकडे राहायला आलेल्या पहिल्या लोकांपैकी, विम्याच्या नोकरीतून निवृत्त, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

मला श्रीमंतीचा राग नाही, हे इथेच सांगते. मी नफ्यावर जगते आणि नफा मला आवडतो. पण या धंद्यात मी एक गोष्ट बघितली आहे. ज्याच्याकडे जास्त आहे आणि ज्याच्याकडे कमी आहे, ते दोघं एका पायरीवर बसून घासाघीस करत असतील तर कमी असलेल्यालाही काहीतरी मिळतं, निदान चार शब्द सुनावता येतात. मधे फाटक आलं की तेवढंही राहत नाही. पूर्वी चार मजले होते आणि फाटक सताड उघडं असायचं. आता मजले बावीस आहेत आणि आत जायला फोनवर आलेला आकडा सांगावा लागतो. वरचे लोक मासळीही फोनवरून मागवतात. ठरलेला भाव, बंद पाकीट. भांडण नाही आणि ओळखही नाही. याला लोक शांतता म्हणतात.

कुंड्या आल्या त्या सकाळी मावशी टोपली घेऊन थेट दुकानात आली.

“तू भाव करतेस ना गे बाय? चल. माज्या जाग्याचा भाव कर.”

“काय झालं?”

“झाडं बसवलीत माज्या जाग्यावर. झाडाला कोन उठवनार? पोलीस आला तं आमाला उठवील, झाडाला न्हाय.”

तीस वर्षांहून जास्त ती त्या भिंतीशी बसत होती. आधी तिची आई. घरच्या होडीला आता पूर्वीसारखी मासळी लागत नाही, मोठ्या बोटी आधीच खरवडून नेतात. त्यात जगात कुठे युद्ध पेटलं की डिझेल चढतं आणि होडी किनाऱ्यावर बसून राहते. माझ्याकडे तेच युद्ध पत्र्याच्या भावातून येतं. त्यामुळे बातम्या आम्ही दोघी लक्ष देऊन ऐकतो. तिची जागा गेली असती तर तिला दारोदार फिरावं लागलं असतं, आणि तिचे गुडघे बघता ते चार दिवसही झालं नसतं. हे मला माहीत होतं. तरीही चप्पल घालताना माझ्या मनात तिचे गुडघे नव्हते. इतक्या वर्षांनी तो माणूस समोर सापडणार, हे होतं.

सोसायटीच्या ऑफिसात काचेचं टेबल, थंड हवा. मावशीने टोपली वॉचमनपाशी ठेवली होती, तरी ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

“उद्यान छान झालंय साहेब,” मी म्हटलं. सौदा सुरू करताना समोरच्याची वस्तू आधी चांगली म्हणायची, म्हणजे तो ऐकायला लागतो.

“वासाच्या तक्रारी आहेत बाई. माझ्या एकट्याच्या हातात नाही.”

“वास मासळीचा की पाण्याचा?”

“म्हणजे?”

“मासळी ताजी असते. वास मारतं ते धुतलेलं पाणी, तुमच्या भिंतीशी साचतं ते. ते पाणी राहिलंच नाही तर?”

त्यांनी पेन उचललं. माणूस पेन उचलतो तेव्हा अर्धा आपल्याकडे आलेला असतो. पुढची वीस मिनिटं मी इतकं छान बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं. पाणी बादलीत धरायचं, थर्माकोलचे खोके आपले आपण न्यायचे, गाड्या निघायची वाट मोकळी ठेवायची. चार कुंड्या सरकवायच्या. ते म्हणाले, “चार नाही, तीन.” मी म्हटलं, “तीन.” मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे बस झालं, ऊठ.

मी उठले नाही. मी म्हटलं, “आणि त्या तांब्याचं काय?”

“कोणता तांब्या?”

नाटक करत असते तर मला कळलं असतं, माझा धंदाच तो आहे. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझी पंचवीस वर्षं त्या लादीवर सांडलेली, आणि या माणसाला त्यातलं एक भांडंही आठवत नव्हतं. पुढे मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ‘विश्वशांती’ हा शब्द मी दोनदा उच्चारला आणि दोन्ही वेळा शिवीसारखा. वॉचमन आत आला. “मॅडम, आवाज नीचे करो ना, साहब बुजुर्ग है।” मी त्यालाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागला की फुटपाथच्या जागेबद्दल कुणाशीही चर्चा केली जाणार नाही. खाली कमिटीच्या सात सह्या.

मावशी रस्त्याच्या पलीकडे गॅरेजशी बसू लागली. तिथे सकाळपासून ऊन, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेला न पडणारी जागा. मी चहा घेऊन गेले. तिने चहा घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

“तांब्या तुजा, जागा माजी,” ती म्हणाली. “माज्या गाठोड्यात तुजं कशाला घातलंस?”

मला लाज वाटली ती या शब्दाने. आमच्या धंद्यातली पहिली शिस्त आई मला हीच शिकवून गेली होती. दोन घरांचे कपडे एका गाठोड्यात बांधायचे नाहीत. बांधले की कुणाचं काय ते कळत नाही, एक जण म्हणतो माझी साडी चांगली होती, दुसरा म्हणतो माझी पँट नवी होती, आणि दोन्ही सौदे मोडतात. इतकी वर्षं मी साड्यांच्या बाबतीत हे पाळलं. रागाच्या बाबतीत पाळायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात जेवताना बातम्यांत लांबलचक टेबल दाखवत होते, दोन्ही बाजूंना कोट घातलेली माणसं, मधे पाण्याच्या बाटल्या. बोलणी पुन्हा फिसकटली होती. एका बाजूने आजचं बोलता बोलता आजोबांच्या काळातलं काहीतरी काढलं होतं.

“तांब्या काढला त्यांनी,” मी म्हटलं.

माझी मुलगी मीरा रोडला एका ऑफिसात हिशेब सांभाळते, जीभ माझीच घेतली आहे. ती म्हणाली, “आई, जगाची शांतता तुझ्यासारख्यांपाशीच अडली आहे. तू तिकडे जाऊन बैस त्यांच्यात, शोभशील.”

“मी निदान तीन कुंड्यांपर्यंत आणलं होतं.”

“तेही आणतात ना. मग तुझ्यासारखेच उठत नाहीत.”

रविवारी मी विहारात गेले. शेवटी आम्ही सगळे मिळून सर्व प्राण्यांचं भलं चिंततो, वैर नसो, दुःख नसो असं म्हणतो. मी लहानपणापासून म्हणते. गेली पंचवीस वर्षं मात्र मी ते एक माणूस वगळून म्हणत आले होते, हे त्या दिवशी डोळे मिटल्यावर लक्षात आलं. सगळ्या जगाचं भलं होवो, एक सोडून. असा हिशेब मी कुणाकडून चालवून घेतला नसता.

आणि मग दुसरं सुचलं. याच वेळी मावशी पालीच्या देवळात बसलेली असणार. ख्रिस्ती असली तरी ती चर्चला देऊळच म्हणते. युद्ध चाललेल्या देशांसाठी तिथे दर रविवारी प्रार्थना होते असं तिने मला सांगितलं होतं. आणि इकडे सेक्रेटरींनी दगडात विश्वशांती कोरून घेतली आहे. एका फुटपाथवर भांडणारी आम्ही तीन माणसं, तिघंही एकच गोष्ट मागत होतो. मला आधी हसू आलं. पण मी दुकानदार आहे, मला मग वेगळंच दिसलं. तीन वेगळी गिऱ्हाइकं एकच वस्तू मागतात तेव्हा त्या वस्तूला मागणी आहे. जगभर एवढी माणसं आठवड्यातून एकदा तरी शांतता मागतात, गरीब मागतात, बाविसाव्या मजल्यावरचेही मागतात. माल अजून नीट बनत नाही, पुरवठा वाईट आहे, मधले दलाल खातात. पण मागणी खोटी नाही. ज्या वस्तूला एवढी मागणी असते ती कधी ना कधी बाजारात येतेच, असा माझा अनुभव आहे. स्टीलची भांडीसुद्धा एके काळी फक्त मोठ्या घरांत असायची.

चर्चा बंद म्हणून कागद लागला होता, तेव्हा ऑफिसात जाण्यात अर्थ नव्हता. मी वॉचमनकडे गेले. आधी त्याची माफी मागितली. त्याने ती लगेच घेतली आणि वर माहितीही दिली. कमिटी माळ्याचे पैसे मंजूर करत नाही, त्यामुळे साहेब रोज सकाळी सातला स्वतः खाली येऊन कुंड्यांना पाणी घालतात.

दुसऱ्या दिवशी सातला मी आणि मावशी तिथे होतो. साहेब प्लॅस्टिकचा कॅन दोन्ही हातांनी धरून एकेका कुंडीपाशी थांबत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा आवळला. मी तोंड उघडायच्या आत मावशी कुंडीत वाकली.

“ही जास्वंद जगनार न्हाय.”

“दिवसातून दोनदा पाणी घालतो,” साहेब म्हणाले.

“पानी पितंय ते. खायला कोन घालनार त्याला? मासली धुतलेलं पानी घाल. माज्या अंगनात बग येऊन, भिंत दिसत न्हाय जास्वंदीनं.”

साहेब कॅन खाली ठेवून उभे राहिले. मी आवाज जितका खाली ठेवता येतो तितका ठेवला.

“साहेब, कुंड्या हलवायच्या नाहीत. एकही नाही. विश्वशांतीची पाटीही राहू दे. दोन कुंड्यांच्या मधे एक बाई बसेल. पाच बायका, पाच जागा. धुतलेलं पाणी त्याच कुंड्यांत जाईल, भिंतीशी थेंब नाही.”

 मग दोन कुंड्यांच्या मधलं अंतर त्यांनी पावलांनी मोजलं. “इथे माणूस मावणार नाही.”

“मावशी, बसून दाखव.”

मावशी बसायला गेली आणि अर्ध्यावर अडकली. “जेवन कमी करावा लागंल,” ती म्हणाली. साहेब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी वॉचमनला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ती कुंडी ढकलली.

“चार इंच,” ते म्हणाले. “चार इंच कमिटीला दिसत नाहीत.”

वेळेवरून घासाघीस झाली. ते म्हणाले दहापर्यंत, मावशी म्हणाली बारापर्यंत, अकरावर ठरलं. सगळं ठरल्यावर साहेब म्हणाले, “आणि वर?”

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले आहे. सौदा पुरा झाला तरी बाई दारात उभी राहते आणि म्हणते, वर एक चमचा दे, वर एक वाटी दे. सौद्यात नसलेलं, नुसतं मन राखायला दिलेलं. न देणाऱ्या बोहारणीला पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

“वर काय हवं?”

“कमिटीला मी समजावतो. पण तुम्ही मीटिंगला यायचं नाही. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते लोक विसरलेले नाहीत.”

 ते लोक विसरले नाहीत. आठवडाभरापूर्वीचं माझं बोलणं विसरले नाहीत. उत्तर जिभेवर होतं, आणि चांगलं होतं. मी मावशीकडे बघितलं. ती त्या दोन कुंड्यांच्या मधे बसून टोपलीतले बोंबील फडक्यावर लावत होती, जणू काल इथेच बसली होती.

“दिलं,” मी म्हटलं.

कितीतरी चमचे वर दिले असतील मी आजवर. एवढं महाग वर कधी दिलं नव्हतं.

साहेब कॅन उचलून निघाले, मग थांबले. “तुम्ही तांब्या म्हणत होतात. मी खूप आठवून बघितलं. विचारायला आता ही पण नाही घरात.”

“तो वेगळा विषय आहे साहेब. आज नको.”

तो विषय अजून आहे. माझा राग गेलेला नाही, जाईल असंही मी म्हणत नाही. तो मी वेगळा बांधून ठेवला आहे. पण रविवारी आता कुणाला वगळत नाही, म्हणजे न वगळायचा प्रयत्न करते. एवढं जमतं. फुटपाथवर पाच बायका बसतात आणि जास्वंदीला कळ्या धरल्या आहेत. नव्या रहिवाशांपैकी दोघांची अजूनही लेखी तक्रार आहे, ती साहेबांच्या फाइलीत पडून असते. बावीस मजले आहेत तेवढेच आहेत, होडीला मासळीही वाढलेली नाही. तरी फाटकाच्या बाहेरच्या बाजूला माणसं पुन्हा थांबायला लागली आहेत, आणि जगाबद्दल आशा धरायला मला तेवढं पुरतं.

गेल्या आठवड्यात मी तिथे मांदेली घेत होते. टॉवरमधली एक नवी मुलगी खाली आली, कानात वायर, पायांत घरातल्या सपाता. मावशीने बोंबलांचा वाटा दाखवून भाव सांगितला. मुलीने लगेच पैसे पाठवायला फोन काढला. मावशीने फोनवर हात ठेवला.

“ऐसा नहीं. भाव कर.”

“आंटी, आप जो बोलो वो ठीक है।”

“मैं जो बोलेगी वो कैसा ठीक है? तू कम बोल. मैं नहीं बोलेगी. फिर तू जाएगी. फिर मैं बुलाएगी.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “करो, करो. उनको बुरा नहीं लगता, नहीं करेगी तो लगेगा.”

तिने कानातली वायर काढली, थोडा विचार केला आणि थेट अर्धा भाव सांगितला. मावशीने कपाळाला हात लावला. “अगो, अर्धा? पालीपासनं चालत आनलाय काय मी फुकट?” शेजारच्या दोघी जणी हसायला लागल्या. मुलगी लाल झाली, पण हटली नाही. “नहीं तो मैं जाती हूँ,” म्हणाली आणि फाटकाच्या दिशेने वळली. दोन पावलं गेली आणि बोलावतायत का ते बघायला मान वळवली.

“इतक्या लवकर मागं बगायचा न्हाय,” मावशी म्हणाली. “अजून चार पावलं जा.”